'हॉटेल कॅलिफोर्निया' वाजवल्याने घराला पीडा लागत नाही

परवा ताईचा फोन आला : "ह्याने गिटार माळ्यावर टाकलीय, तू जरा बोल." माझा भाचा सोळा वर्षांचा. दोन वर्षं डिचोलीहून म्हापशाला क्लासला जाऊन त्याने ईगल्स या अमेरिकन बँडच्या 'हॉटेल कॅलिफोर्निया'चा शेवटचा गिटारचा भाग बसवला होता. मग घरच्या ग्रूपवर आत्याने एक फॉरवर्ड टाकला : हे सैतानपूजेचं गाणं आहे, उलटं वाजवलं की सैतानाची स्तुती ऐकू येते, अल्बमच्या कव्हरवर सैतानपंथाचं मंदिर आहे, आणि वाजवणाऱ्याच्या घराला पीडा लागते. आजीने हात जोडल्यावर पोर काय करणार?

उलटं वाजवण्याचं आधी बघू, कारण सगळे घाबरले ते त्यालाच. कॅनडातल्या लेथब्रिज विद्यापीठाच्या जॉन व्होकी आणि डॉन रीड या मानसशास्त्रज्ञांनी १९८५ साली यावरचे प्रयोग प्रसिद्ध केले. उलटं वाजवलेलं बोलणं लोकांना ऐकवलं. आवाज बाईचा की पुरुषाचा हे कळलं, अर्थ मात्र कळला नाही. पण अमुक शब्द ऐकू येतील असं आधी सांगितलं, तेव्हा ते बऱ्याच जणांना ऐकू आले. म्हणजे सैतान गाण्यात नसतो, फॉरवर्डमध्ये लिहिलेला असतो आणि तिथून कानात जातो.

मी ताईकडे गेलो आणि गेल्या चवथीची आमचीच घुमट (मातीचं तालवाद्य) वाजवून म्हटलेली आरती मोबाइलवर उलटी लावली. कुणाला काही कळेना. मग म्हटलं, "आता नीट ऐका, 'पाणी दे' म्हणतायत." आत्यालाच ते पहिल्यांदा ऐकू आलं. आरतीत असे शब्द नाहीत, हे तिला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

कव्हरवरची इमारत लॉस एंजेलिसला लागून असलेलं बेव्हर्ली हिल्स हॉटेल आहे. सैतानपंथाच्या संस्थापकाचं घर सॅन फ्रान्सिस्कोत होतं, तिथून ५०० किलोमीटरहून दूर. ते कॅलिफोर्निया नावाच्याच रस्त्यावर होतं आणि त्याचा ग्रंथ १९६९ साली आला, गाण्यातही १९६९ येतं, एवढं मात्र खरं. पण गाण्यात ते साल वाइन मागितल्यावर येतं : ते 'स्पिरिट' १९६९ पासून इथे नाही, असं उत्तर मिळतं, आणि 'स्पिरिट' म्हणजे दारूही आणि उमेदही.

गाणं काळोखं आहे, हेही मान्य. गाण्याचे एक लेखक डॉन हेन्ली यांनी २००७ साली अमेरिकन टीव्हीवर सांगितलं की ते अमेरिकन स्वप्नाच्या काळ्या बाजूबद्दल आणि अतिरेकाबद्दल आहे. आम्हा गोवेकरांना ते फोड करून सांगायला नको. मौज करायला किनाऱ्यावर आलेली आणि नशेतून परत जाऊ न शकलेली माणसं आम्ही पाहिली आहेत. आत्या, पोरांना ज्याची भीती घालायला हवी ते या गाण्यातच आहे.

पीडेचं काय बोलायचं! १९७७ च्या मे महिन्यात हे गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं, पुढे त्याला ग्रॅमी मिळालं. आमच्याकडे लग्नांतले बीट बँड आणि कळंगूटचे वादक ते किती वर्षं वाजवतायत. त्यावर घरं चालली आहेत.

शेवटचा भाग डॉन फेल्डर आणि जो वॉल्श या दोघांनी मिळून वाजवलाय. एकाची गिटार थांबते तिथून दुसऱ्याची उचलते, मग दोन्ही एकत्र वाहतात. माझा भाचा ते दोन्ही भाग शिकला होता.

शनिवारी आम्ही गिटार खाली काढली. पावसाळी हवेने दोन तारा गंजल्यात, त्या आणायला उद्या म्हापशाला जाणार आहोत. आत्या, तो फॉरवर्ड ज्या ग्रूपवर टाकलास, त्याच ग्रूपवर तो खोटा होता असं आज लिही. आजी तुझंच ऐकते.