मुंबई ते मस्कत एका झेपेत: हलक्या विमानाविषयीच्या एका दाव्याचा प्रतिवाद

गेले काही महिने मुंबईतील हौशी वैमानिक आणि विमानविद्येचे विद्यार्थी यांच्यात एक मजकूर मोठ्या उत्साहाने पुढे पाठवला जात आहे. त्याचा आशय असा की, ज्याच्याकडे खासगी वैमानिकाचा परवाना आणि चार आसनांचे सेसना आहे, त्याने जुहूहून उड्डाण करावे आणि अरबी समुद्र ओलांडून सात-साडेसात तासांत ओमानमधल्या मस्कतला किंवा मालदीवमधल्या मालेला उतरावे. किनारा सोडला की आकाशावर कोणाचीच सत्ता नसते, जीपीएसमुळे वाट चुकत नाही, धास्ती वाटत असेल त्याने दोन इंजिनांचे विमान घ्यावे आणि अगदीच वेळ आली तर समुद्र उबदार असल्यामुळे लाइफ जॅकेट पुरेसे आहे, असेही त्यात म्हटले आहे, आधाराला जे. आर. डी. टाटा आणि आरोही पंडित यांची नावे आहेत. नुकताच परवाना हाती आलेली मुले हा मजकूर विश्वासाने वाचत आहेत, म्हणून त्यातील विधाने एकेक करून तपासणे मला आवश्यक वाटते.

सर्वांत आधी इंधनाचा हिशेब मांडू, कारण दावा तिथेच कोसळतो. मुंबई ते मस्कत हे सरळ रेषेतले अंतर सुमारे ८६० नॉटिकल मैल (एक नॉटिकल मैल म्हणजे १.८५ किलोमीटर) आहे. सेसना १७२ एस या विमानाच्या टाक्यांत वापरता येण्याजोगे इंधन सुमारे २०० लिटर असते. दहा हजार फुटांच्या आसपास ११५ नॉटचा, म्हणजे ताशी ११५ नॉटिकल मैलांचा, वेग धरला, तर ताशी ३३ लिटरच्या आगेमागे इंधन जळते. म्हणजे वारा शून्य मानला, चढाईला लागणारे जास्तीचे इंधन विसरले आणि राखीव इंधन एक थेंबही ठेवले नाही, तरी सहा तासांत टाक्या रिकाम्या होतात आणि मस्कत तेव्हाही दीडशे मैलांहून दूर असते. सात-साडेसात तास हा आकडा अंतराला वेगाने भागून काढलेला आहे आणि तेवढ्यापुरता तो बरोबरही आहे, मात्र तितका वेळ हे विमान हवेत राहू शकत नाही. त्यातच हिवाळ्यात, म्हणजे जो हंगाम या प्रवासाला खरोखर अनुकूल आहे त्यातच, उत्तर अरबी समुद्रावर त्या उंचीवर वारा बहुधा पश्चिमेकडून वाहतो. केवळ १५ नॉटचा वारा समोरून आला, तर जमिनीच्या सापेक्ष वेग १०० नॉटवर येतो, प्रवास साडेआठ तासांच्या पुढे जातो आणि गरज २८० लिटरच्या वर पोहोचते.

यावर केबिनमध्ये जादा टाकी बसवण्याचा उपाय सुचवला जातो. विमाने पोहोचती करणारे व्यावसायिक वैमानिक अशा टाक्या वापरतात, हे खरे. त्यासाठी मात्र विमान प्रमाणित कमाल वजनापेक्षा जड भरण्याची खास परवानगी काढावी लागते, गुरुत्वमध्य पुन्हा मोजावा लागतो, टाकीतली हवा खेळती राहण्याची आणि इंधनवाहिनीची सोय तज्ज्ञाकडून तपासून घ्यावी लागते, आणि मागे बसायला जागा उरत नाही. ‘चौघांनी मिळून मस्कतला जाऊ या’ हे निमंत्रण तिथेच संपते.

मालेचे उदाहरण अधिक बोधप्रद आहे, कारण ते अशक्य नाही. मुंबईहून थेट माले ८९० नॉटिकल मैलांच्या घरात आहे, म्हणजे मस्कतचीच अडचण पुन्हा उभी राहते. पण कोकण, गोवा आणि मलबारचा किनारा धरून टप्प्याटप्प्याने तिरुवनंतपुरमला पोहोचले, तर पुढे समुद्रावरचा टप्पा सुमारे ३३० नॉटिकल मैलांचा, जेमतेम तीन तासांचा उरतो. वाटेत उत्तर मालदीवमधले हनीमाधू हे पर्यायी विमानतळ म्हणून धरता येते. हा नियोजनाचा योग्य आरंभ झाला. आता परतीचा विचार करू. सेसनासारख्या विमानाच्या पिस्टन इंजिनाला एव्हगॅस, म्हणजे विमानांचे खास पेट्रोल, लागते. मालदीवमधल्या सीप्लेनची ट्विन ऑटर विमाने टर्बाइनवर चालतात, त्यांना जेट ए-वन हे रॉकेलच्या जातीचे इंधन लागते. तेव्हा जेट ए-वन मिळते म्हणून एव्हगॅसही मिळेल, असे कोणीही गृहीत धरू नये. जाऊन-येऊन ६५० मैलांना सुमारे १९० लिटर लागतात, म्हणजे तिरुवनंतपुरमला टाक्या काठोकाठ भरल्या तरी परत येताना हाताशी जवळजवळ काही उरत नाही. माले येथील इंधन पुरवठादाराकडून एव्हगॅसच्या पिंपांची लेखी हमी मिळाल्याखेरीज हा प्रवास सुरूच करता येत नाही. डिझेल जातीचे, जेट ए-वनवर चालणारे इंजिन असलेले डायमंड डीए ४२ सारखे विमान या बाबतीत फार सोयीचे ठरते, पण मजकुरात त्याचा उल्लेखही नाही.

किनाऱ्यापलीकडे नियम नसतात, हे विधान तर उघड चुकीचे आहे. १९४४ च्या शिकागो कराराचे बारावे कलम सांगते की, खुल्या समुद्रावर त्या कराराखाली ठरलेले हवाई नियमच लागू होतात. भारतापुरते बोलायचे तर नियंत्रित हवाई क्षेत्रात किनाऱ्यापासून १०० नॉटिकल मैलांपलीकडे दृश्य नियमांनी, म्हणजे व्हीएफआर पद्धतीने, उड्डाण करता येत नाही. त्यापुढे आयएफआर, म्हणजे उपकरणांच्या आधारे उडण्याची पद्धत, हवी, त्यासाठी वैमानिकाकडे इन्स्ट्रुमेंट रेटिंग ही जादा पात्रता हवी आणि विमानातली उपकरणेही त्या दर्जाची हवीत. केवळ खासगी परवाना असलेल्या वैमानिकाचा मस्कतचा बेत या एका नियमापाशी अडतो. जुहूला कस्टम्स आणि इमिग्रेशनची सोय नाही, म्हणून परदेशी निघणाऱ्याला आधी जवळच्याच मोठ्या विमानतळावर किंवा दुसऱ्या एखाद्या आंतरराष्ट्रीय विमानतळावर जाऊन सोपस्कार पूर्ण करावे लागतात. फ्लाइट प्लॅनसोबत हवाई संरक्षणाची मंजुरी, म्हणजे एडीसी क्रमांक, लागतो आणि पलीकडच्या देशाची परवानगी निघण्यापूर्वी हातात असावी लागते. कोण बघते, असे ज्यांना वाटते त्यांनी डिसेंबर १९९५ आठवावा: पुरुलियात शस्त्रे टाकणारे अँटोनोव्ह विमान काही दिवसांनी पुन्हा भारतीय आकाशात शिरले, तेव्हा हवाई दलाने त्याला मुंबईतच उतरायला भाग पाडले होते. नोंदणीपत्र, उड्डाणयोग्यतेचे प्रमाणपत्र, परवाने, रेडिओचा परवाना आणि प्रवास-नोंदवही ही कागदपत्रे विमानात असणे त्याच कराराने बंधनकारक आहे.

दोन इंजिनांविषयी थोडक्यात सांगतो. एक इंजिन बंद पडले तरी दुसऱ्यावर घर गाठता येते, हे मोठ्या विमानांच्या बाबतीत प्रमाणित झालेले असते. अनेक जुन्या हलक्या द्विइंजिनी विमानांना मात्र एका इंजिनावर चढता आलेच पाहिजे, अशी प्रमाणीकरणाची अटच नव्हती. जादा इंधनाने जड झालेले असे विमान एका इंजिनावर उंची राखू शकत नाही, हळूहळू खाली येत राहते. विमानाच्या पुस्तिकेत त्या वजनाला आणि त्या तापमानाला एका इंजिनावरची कमाल उंची किती दिली आहे, ते पाहूनच दुसऱ्या इंजिनावर किती भिस्त ठेवायची ते ठरवावे.

जीपीएसचे विधान पाच-सात वर्षांपूर्वी कदाचित चालून गेले असते. आखाती आणि पश्चिम आशियाई आकाशात जीपीएसचे संकेत दडपण्याचे किंवा खोटे संकेत पाठवण्याचे प्रकार इतके वाढले आहेत की, डीजीसीएने, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, नोव्हेंबर २०२३ मध्ये त्यावर मार्गदर्शक परिपत्रक काढले. त्याहून साधी अडचण संपर्काची आहे. विमानातला नेहमीचा व्हीएचएफ रेडिओ दृष्टिरेषेत चालतो. दहा हजार फुटांवरून त्याचा पल्ला सुमारे १२० नॉटिकल मैल भरतो, त्यामुळे मस्कतच्या वाटेवरचा बहुतेक भाग नियंत्रकांशी थेट बोलण्याच्या टप्प्याबाहेर राहतो आणि तिथे लांब पल्ल्याचा एचएफ रेडिओ संच लागतो. त्यावर दिला जाणारा ‘सॅटेलाइट फोन घ्या’ हा सल्ला तर अडचणीत टाकणारा आहे, कारण भारतात इरिडियम किंवा थुरायाचे फोन सरकारी परवानगीशिवाय बाळगणे गुन्हा आहे आणि त्यापायी विमानतळांवर लोकांना अटक झालेली आहे.

जे. आर. डी. आणि आरोही यांच्याविषयी मला मनापासून आदर आहे, म्हणूनच त्यांच्या कामगिरीचा असा वापर खटकतो. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. पुस मॉथ हे छोटे विमान घेऊन कराचीहून जुहूला आले ते अहमदाबादला थांबून. सरळ समुद्रावरची वाट त्यांनी धरली नाही. मुंबईच्या आरोही पंडितने मे २०१९ मध्ये अटलांटिक एकटीने ओलांडला तो स्कॉटलंड, आइसलंड, ग्रीनलंड आणि कॅनडा अशा टप्प्यांनी. त्या वाटेवर पाय टेकायला जमीन आहे. मुंबई आणि ओमान यांच्यामध्ये ती नाही. शिवाय तिचे पिपिस्ट्रेल सिनस हे मोटरग्लायडरच्या घडणीचे विमान होते. इंजिन बंद पडल्यावर ते सेसनाच्या अडीचपटीहून अधिक अंतर तरंगत जाऊ शकते. सेसना १७२ दहा हजार फुटांवरून पंधरा-एक नॉटिकल मैल जाते, आणि खुल्या समुद्रात पंधरा मैलांनी फारसा फरक पडत नाही.

राहता राहिले लाइफ जॅकेट. अरबी समुद्राचे पाणी उबदार असते आणि थंडीने गारठून मृत्यू येण्याचा धोका अटलांटिकच्या मानाने कमी असतो, हे मान्य. पण पाण्यावर उतरताना स्थिर चाकांचे विमान चाके पाण्यात रुतून उलटण्याची भीती असते, म्हणून दरवाजे आधीच उघडून ठेवावे लागतात, लाटांच्या लांबट उंचवट्यांना समांतर उतरावे लागते आणि जॅकेट अंगात घातलेले पण बाहेर पडेपर्यंत न फुगवलेले असावे लागते. आत फुगवले, तर माणूस छताला चिकटतो आणि दार सापडत नाही. जॅकेट माणसाला तरंगत ठेवते, पण ऊन, तहान आणि लाटा यांपासून वाचवते ती राफ्ट, म्हणजे फुगवता येणारा तराफा. जमिनीपासून ५० नॉटिकल मैलांपलीकडे जाताना पाण्यावर उतरावे लागल्यास माणसे कशी तगतील याचा विचार करून राफ्ट आणि संकटसूचक साधने ठरवण्याची जबाबदारी आंतरराष्ट्रीय नियमांनी वैमानिकावर टाकली आहे. जुन्या विमानांत १२१.५ मेगाहर्ट्झचा बीकन, म्हणजे संकटाचा संकेत पाठवणारा संच, असतो, पण त्याचे संकेत ऐकणे उपग्रहांनी १ फेब्रुवारी २००९ पासून बंद केले आहे. ४०६ मेगाहर्ट्झचा, स्वतःचे ठिकाण कळवणारा आणि नोंदणी केलेला बीकनच उपयोगाचा, कारण त्याचाच संदेश बंगळुरूच्या इस्रो केंद्रामार्फत मुंबईतील तटरक्षक दलाच्या बचाव समन्वय केंद्रापर्यंत पोहोचतो. त्यानंतरही चारशे मैलांवर किनाऱ्यावरचे हेलिकॉप्टर पोहोचत नाही. शोधविमान राफ्ट हेरते आणि सुटका बहुधा जवळून जाणारे एखादे मालवाहू जहाज मार्ग वळवून करते. त्या जहाजाला यायला जे कित्येक तास लागतील, तेवढे तास राफ्टवर काढता येतील इतके पाणी आणि सावली सोबत आहे की नाही, हे मुंबईत विमान भरतानाच ठरते.