ठाण्याचं जेल इंग्रजांनी बांधलेलं नाही

सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: 'ठाणे मध्यवर्ती कारागृह इंग्रजांनी कैदी ठेवायला बांधलं, म्हणूनच भिंती इतक्या जाड.' हे बरोबर नाही.

ती वास्तू मुळात किल्ला आहे. पोर्तुगीजांनी १७३० च्या सुमारास बांधकाम सुरू केलं. ते पुरं व्हायच्या आतच, १७३७ मध्ये, मराठ्यांनी ठाणं घेतलं. इंग्रज आले ते १७७४ च्या डिसेंबरात, तेही लढून. तुरुंग ही पुढची गोष्ट. १८८२ च्या ठाणे जिल्हा गॅझेटिअरमध्ये हा क्रम कुणालाही वाचता येईल.

वास्तूही तेच सांगते. तटाला बाहेर आलेले कोनदार बुरूज आहेत. एका बुरुजावरून शेजारच्या तटाच्या पायथ्यापर्यंत मारा करता यावा, यासाठी ही रचना असते. बाहेरून येणारा शत्रू रोखायला ती लागते, आतला कैदी अडवायला नाही. भिंतींची जाडीही तोफगोळ्यांसाठी.

पेशव्यांचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे १८१६ मध्ये निसटले, ते याच किल्ल्यातल्या इंग्रजांच्या कैदेतून. इंग्रजांविरुद्ध बंड करणारे राघोजी भांगरे यांना १८४८ मध्ये आणि नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याच्या वधाबद्दल अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे, विनायक देशपांडे या क्रांतिकारकांना १९ एप्रिल १९१० रोजी इथेच फाशी झाली. मेसेजमध्ये यांतलं एकही नाव नाही, याचं मला जास्त वाईट वाटतं.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. आधीच पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.