मेकॅनिकल आणि आणखी काहीतरी

बाबांनी सिव्हिल केलं तेव्हा सिव्हिल म्हणजे फक्त सिव्हिल होतं. आता नव्या शैक्षणिक धोरणाने असं ठरवलंय की मेकॅनिकलवाल्याला नुसतं मेकॅनिकल येऊन भागणार नाही. जोडीला दुसऱ्या शाखेचा १४ क्रेडिटांचा मायनर, म्हणजे जोडविषय, हवाच. कॉलेजात त्याला एमडीएम म्हणतात. सेकंड इयरच्या तोंडावर तो निवडायचा, हे मी घरी जेवताना बोलून गेलो आणि ताटातली पोळी तशीच राहिली.

काका म्हणाले, "यूपीएससीला ऐच्छिक विषयाचे ५०० गुण असतात. आत्तापासून समाजशास्त्र घे." मी यूपीएससी देणार आहे, हे मला तेव्हाच कळलं. आत्या रविवारी सकाळी कॅलिफोर्नियाहून व्हिडिओ कॉलवर आली. तिच्या मते एआय सोडून दुसरं काही बघूही नये. मी विचारलं, "आत्या, सगळेच एआय घेतायत, मग पंप कोण बनवणार?" ती म्हणाली, "एआय." विषय संपला.

शेजारच्या काकूंनी यूजीसीची २०२२ सालची बातमी नव्याने फॉरवर्ड केली. वर्गांच्या वेळा एकमेकांवर येत नसतील तर दोन पदव्यासुद्धा एकदम करता येतात, आणि एक कॉलेजात, एक दूरशिक्षणाने असंही चालतं. आईला हे फारच आवडलं. "मग मुक्त विद्यापीठातून बी.कॉम. करून टाक ना," ती 'येताना दळण घेऊन ये' म्हणावं तशा सुरात म्हणाली. बाबांनी फक्त फी विचारली.

एका सीनियरला गाठलं. त्याने अभ्यासक्रमाची यादी बघितलीसुद्धा नाही. "जर्नल हाताने लिहायचं की प्रिंट चालतं? व्हायवाला बाहेरचे येतात की आपलेच सर? हे बघ आणि घे," असं सांगून तो काचेखाली ट्यूबलाइट लावून जीटी मारायला, म्हणजे दुसऱ्याची ड्रॉइंग शीट गिरवायला, परत बसला. चार वर्षांत त्याने एकही शीट स्वतःच्या डोक्याने काढलेली नाही, पण मला मिळालेल्या सल्ल्यांत निदान कॉलेजशी संबंध असलेला एवढाच.

खरं तर मला अर्थशास्त्र हवं होतं. एखादं यंत्र बनवता येईल का, हे मेकॅनिकल सांगतं. ते बनवून परवडेल का, किती वर्षांत पैसे वसूल होतील, हे सांगायला दुसरं कुणीतरी लागतं. गिअरबॉक्स दोन टक्क्यांनी सुधारण्यात आयुष्य घालवायचं आणि मग अकाउंट्सवाल्याने तो रद्द करायचा, त्यापेक्षा अकाउंट्सवाल्याची भाषा आपणच शिकावी, असा माझा साधा हिशोब. तो घरात कुणालाच पटला नाही. "मग इंजिनिअरिंग कशाला केलंस?" काकांनी विचारलं. समाजशास्त्र सुचवताना त्यांना हा प्रश्न पडला नव्हता.

असो. एवढ्या चर्चेनंतर कॉलेजने गूगल फॉर्म पाठवला. सहा पसंतीक्रम सक्तीचे. पहिलं अर्थशास्त्र, दुसरं आत्यासाठी, तिसरं वगैरे विचार करून भरलं. सहाव्या जागी पर्यावरण अभियांत्रिकी टाकलं, कारण रकाना रिकामा ठेवला तर फॉर्म पुढे जात नव्हता. वाटप सीजीपीएनुसार, म्हणजे आधीच्या गुणांच्या सरासरीनुसार, होतं. माझा सीजीपीए एम-वन आणि एम-टू या दोन गणितांनी मिळून घडवलेला आहे.

मला सहावं मिळालं.

घरी सांगितलं तर सगळेच खूश! काकांना जिल्हाधिकाऱ्याला पाणीप्रश्न कळायलाच हवा, असं आठवलं. आत्याच्या मते एआयच्या डेटा सेंटरना थंड करायला पाणी लागतं, म्हणजे तिचंच ऐकलं गेलं. बाबा म्हणाले, "हे तर आमच्या सिव्हिलमध्येच होतं." आईने बी.कॉम.चा आग्रह मात्र सोडलेला नाही.

बातमी काकूंपर्यंत पोचल्यावर सोसायटीभर व्हायला वेळ लागला नाही. आमच्या सोसायटीचा सांडपाणी प्रकल्प कागदोपत्री चालू असतो आणि टँकर प्रत्यक्षात. परवा रात्री चेअरमन स्वतः घरी आले. चहा घेतला. पहिलं लेक्चर अजून व्हायचंय, हे मी त्यांना दोनदा सांगितलं.

"होईल रे, हळूहळू शिकशील," असं म्हणत त्यांनी प्रकल्पाच्या खोलीची किल्ली माझ्या हातावर ठेवली. "पण तो ब्लोअर शनिवारपर्यंत बघ. सी विंगला वास येतोय."