मुलगा निम्मा वेळ बसून असतो, या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार. लांब उडीची तयारी करायला आलेला तुमचा मुलगा आमच्याकडे निम्मा वेळ बाकावर बसून असतो, घाम न गाळता घरी येतो आणि विचारल्यावर ‘प्रोग्रॅम तसाच आहे’ एवढंच ऐकायला मिळतं, असं तुम्ही लिहिलंत.

आधी त्या उत्तराबद्दल. तसं बोलायला नको होतं, माफी मागतो. प्रशिक्षकांशी माझं बोलणं झालंय.

आता बसण्याबद्दल. लांब उडीत झेप घेताना पाय फळीवर टेकतो तो जेमतेम ०.१२ सेकंद. स्नायूला पूर्ण ताकद लावायला मात्र ०.३ सेकंद किंवा जास्तच लागतात. म्हणजे ताकद नुसती असून भागत नाही, ती झटक्यात बाहेर यावी लागते. ते शिकायचं तर प्रत्येक उडी जीव तोडून मारायला हवी. अशा उडीचं इंधन, म्हणजे फॉस्फोक्रिएटिन, काही सेकंदांतच ओसरतं आणि भरून यायला तीन ते पाच मिनिटं घेतं. म्हणून पाच उड्या आणि मग बाक. सलग तीस मारायला लावल्या तर घामाच्या धारा लागतील, पण आठ-दहा उड्यांनंतर पाय जमिनीला चिकटायला लागतात आणि शरीर त्या संथपणाचाच सराव करतं. बोटांना खडू लावून तो भिंतीपाशी उडी मारून वर खूण करतो ना, ती दोन-तीन बोटं खाली आली की सेट अर्धा असला तरी आम्ही थांबवतो.

‘नुसतं स्टुलावरून उतरायला लावतात’ हेही तुम्ही लिहिलंय. सुरुवातीला उतरताना त्याचे गुडघे आत वळायचे, टाचा धप्पकन आपटायच्या. आता आवाज येत नाही. उंचावरून उतरून लगेच उसळी घेण्याची पद्धत सोव्हिएत प्रशिक्षक युरी वेर्खोशान्स्की यांनी रुजवली, पण ती आधीच कसलेल्या खेळाडूंसाठी. तुमच्या मुलाला ती इतक्यात देणार नाही, कितीही आग्रह झाला तरी. ताकदीसाठी स्क्वॉट, म्हणजे बैठका, आठवड्यातून दोनदा चालूच आहेत.

त्याच्या पहिल्या दिवसाच्या उडीची नोंद वहीत आहे. एकदा सरावाच्या वेळी या, तुमच्यासमोरच पुन्हा मोजू. खूण वर सरकली नसेल तर प्रोग्रॅम मी स्वतः बसून बदलेन.