खिडकीतला 'तो मुलगा' भूत नाही
'थ्री मेन अँड अ बेबी' या १९८७ च्या चित्रपटातला एक तुकडा पुन्हा फिरतोय. दारात कुणीतरी सोडून गेलेलं तान्हं बाळ तीन अविवाहित मित्र सांभाळतात, तोच हा विनोदी चित्रपट. सोबत दावा असा, की खिडकीच्या पडद्याआड दिसणारा मुलगा भूत आहे, त्या घरात त्याने बंदुकीने जीव दिला होता आणि नंतर तिथेच शूटिंग झालं.

हे साफ खोटं आहे. मुळात ते घरच नव्हतं. कथा न्यूयॉर्कची असली, तरी फ्लॅटच्या आतली दृश्यं टोरांटोच्या स्टुडिओत सेट उभारून चित्रित झाली.

मग खिडकीत कोण? तीन मित्रांपैकी एकाचं काम करणाऱ्या टेड डॅन्सन या नटाचा पुठ्ठ्याचा कटआउट. त्याचं पात्र, जॅक, अभिनेता आहे. त्याने केलेल्या कुत्र्यांच्या खाद्याच्या जाहिरातीचा उपकथानकात संबंध होता, तो भाग कापला गेला आणि कटआउट मात्र राहिला. व्हिडिओ थांबवून बघा: कोट, डोक्यावर उंच टोपी. आणखी एका दृश्यात तर जॅक त्याच कटआउटशेजारी उभा आहे.

ही अफवा १९९० च्या सुमारास, व्हिडिओ कॅसेटच्या काळात पसरली. अस्पष्ट चित्रात चूक होणं मी समजू शकतो. पण न घडलेल्या बालमृत्यूची कहाणी रचून पुढे ढकलणं मला फार खटकतं. तुमच्या ग्रुपवर ती आली असेल, तर हा खुलासाही तिथे टाका.