दुर्दैव की अन्याय, हे आधी ठरवा

राजकीय तत्त्वज्ञान शिकतोय म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, याने गरिबी हटणारे का? नाही हटणार. पण गरिबीला जबाबदार कोणाला धरायचं हे मनात ठरल्याशिवाय कुठलीही पॉलिसी बनत नाही, आणि ते ठरवताना माणूस तत्त्वज्ञानच करत असतो, भले त्याला ते माहीत नसेल.

घोळ शिकवण्यात आहे. बऱ्याच कोर्सेसमध्ये जॉन रॉल्स विरुद्ध रॉबर्ट नॉझिक अशी दोन अमेरिकन तत्त्वज्ञांची मॅच लावून देतात. १९७१ मध्ये रॉल्स म्हणाला, आपण कोणाच्या पोटी जन्मणार हे ठाऊकच नाही असं धरून समाजाचे नियम ठरवा, १९७४ मध्ये नॉझिक म्हणाला, रीतसर मिळवलेलं सरकारने वाटपासाठी काढून घेऊ नये. झालं, मुद्दे पाठ, पेपर लिहिला, विषय संपला. रॉल्स मला आवडतो, खोटं कशाला बोलू, पण त्याने नियम ठरवायला बसवलेली माणसं चक्क कुटुंबप्रमुख म्हणून धरलीत! मग घरात राबतं कोण आणि पैसा कोणाच्या हातात, हे विचारणार कोण? स्त्रीवादी तत्त्वज्ञ सुसान ओकिनने १९८९ मध्ये त्याला नेमकं इथेच पकडलं.

मला विचाराल तर सुरुवात राजकीय विचारवंत ज्युडिथ श्क्लारपासून करावी. तिचा १९९० मधला प्रश्न साधा वाटतो, एखाद्यावर जे ओढवलं ते दुर्दैव की अन्याय? भूकंप निसर्गाचा, मान्य, पण कमी सिमेंटची बिल्डिंग पास कोणी केली? १९४३ चा बंगालचा दुष्काळ घ्या. अमर्त्य सेनने १९८१ मध्ये हिशोब मांडला की त्या वर्षी धान्य १९४१ पेक्षा जास्तच होतं, म्हणजे लोक मेले ते धान्य नव्हतं म्हणून नाही, भाव चढले आणि शेतमजुरांच्या मजुरीत ते परवडेना म्हणून. या आकड्यांवर वाद झालेत, होऊ देत, पण एकदा प्रश्न असा मांडला की 'पाऊसपाणी, नशीब' म्हणून हात झटकता येत नाहीत.

आता कोणी म्हणेल, मग काय सगळंच अन्याय म्हणायचं का? तसं नाही, श्क्लारही ही रेघ पक्की आखून देत नाही. तिचं म्हणणं एवढंच की रेघ कुठे मारायची हे ज्याने सोसलं त्याला न विचारता ठरवू नका, कारण लांबून बघणाऱ्याला दुर्दैव म्हणून मोकळं होणं फार सोयीचं असतं. रॉल्स यानंतर वाचा, आणि वाचताना ओकिन शेजारी ठेवा.