टॅम ओ'शँटरची 'जत्रा' : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

टॅम ओ'शँटर या गोल्फ क्लबच्या मैदानावरील स्पर्धांवरचा माझा लेख आपण शेवटपर्यंत वाचलात आणि वेळ काढून सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, याबद्दल मनापासून आभार. इतर वाचकांना संदर्भ लागावा म्हणून आपले आक्षेप आधी थोडक्यात सांगतो. शिकागोच्या वायव्येला असलेल्या नाइल्स येथील या स्पर्धा म्हणजे जॉर्ज मे नावाच्या व्यावसायिकाने स्वतःच्या कंपनीच्या जाहिरातीसाठी भरवलेली जत्रा होती. बक्षिसांच्या फुगवलेल्या आकड्यांनी तिने खेळाची अदब घालवली. अशा माणसाला मी समाजसुधारकांच्या पंक्तीला नेऊन बसवले. आणि १९५३ चे प्रक्षेपण हे 'दूरचित्रवाणीवरील गोल्फचे पहिले प्रक्षेपण' होते, हे माझे विधान चुकीचे आहे, असे आपले म्हणणे आहे.

यांतला शेवटचा आक्षेप पूर्णपणे बरोबर आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. १९४७ मध्ये सेंट लुइस येथे झालेली यू. एस. ओपन स्पर्धा त्या शहरापुरती दूरचित्रवाणीवर दाखवली गेली होती. १९५३ ची टॅम ओ'शँटरची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा ही देशभर प्रक्षेपित झालेली पहिली गोल्फ स्पर्धा. 'देशभर' हा शब्द माझ्याकडून सुटला आणि त्यामुळे विधानाचा अर्थच बदलला. योगायोग असा की, सेंट लुइसची ती स्पर्धा प्ले-ऑफमध्ये, म्हणजे बरोबरी सोडवण्यासाठीच्या जादा खेळात, सॅम स्नीडला एका फटक्याने मागे टाकून ज्याने जिंकली, तो ल्यू वॉर्शमच सहा वर्षांनी नाइल्सच्या अठराव्या, म्हणजे शेवटच्या, होलवर कॅमेऱ्यासमोर उभा होता.

त्या दिवशी काय घडले, ते मूळ लेखात मी दोन ओळींत उरकले होते. आपण त्याला 'नशिबाचा एक फटका' म्हटले आहे, म्हणून ते इथे नीट सांगतो. चँडलर हार्परचा अठराव्या होलवरचा दुसरा फटका खड्ड्याच्या अगदी जवळ येऊन थांबला, त्याने बर्डी केली (म्हणजे होल ठरलेल्यापेक्षा एक फटका कमी घेऊन संपवला) आणि एकूण २७९ फटक्यांवर त्याचा खेळ संपला. गोल्फमध्ये कमी फटके घेणारा जिंकतो. लोक त्याचे अभिनंदनही करू लागले होते. बरोबरी साधण्यासाठी वॉर्शमला त्याच होलवर बर्डी हवी होती. ग्रीन, म्हणजे खड्ड्याभोवतीची बारीक कापलेली हिरवळ, शंभर यार्डांहून थोडे अधिक दूर असताना त्याने वेज ही चेंडू उंच उचलणारी काठी हातात घेतली आणि चेंडू उचलला. चेंडू ग्रीनच्या पुढच्या भागात टेकला, तिथे अडखळून थांबला नाही, लांबवर घरंगळत गेला आणि सरळ खड्ड्यात उतरला. ईगल, म्हणजे ठरलेल्यापेक्षा दोन फटके कमी! बरोबरी साधायला निघालेला माणूस २७८ वर एका फटक्याने जिंकला आणि २५,००० डॉलरचा धनी झाला. हे ज्या कॅमेऱ्याने टिपले तो एका जागी बसवलेला होता आणि प्रक्षेपणाचा खर्च मे यांनी स्वतःच्या खिशातून केला होता. नशिबाचा भाग त्यात होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु गोल्फ हा घरात बसून पाहण्याजोगा खेळ आहे, हे असंख्य लोकांना त्या एका चेंडूने पटवून दिले, आणि त्या वेळी तिथे कॅमेरा असणे ही काही नशिबाची गोष्ट नव्हती.

आता पैशांविषयी. १९५३ मध्येच बेन होगनला यू. एस. ओपन जिंकल्याबद्दल ५,००० डॉलर मिळाले होते. नाइल्सचे पहिले बक्षीस त्याच्या पाचपट होते. पुढच्याच वर्षी मे यांनी ते ५०,००० डॉलरवर नेले, शिवाय विजेत्याला देशभर प्रदर्शनीय सामने खेळण्याचा करारही दिला. बॉब टोस्की हा अगदी शिडशिडीत अंगाचा खेळाडू ती स्पर्धा जिंकला आणि त्या वर्षीच्या कमाईत सर्वांत वर गेला. एकाच स्पर्धेने वर्षाच्या कमाईचा क्रम ठरवावा, हे आपल्याला खटकते आणि त्यात तथ्य आहे, हे मी मान्य करतो. मात्र 'अदब' हा शब्द मला थोडा तपासून घ्यावासा वाटतो.

व्यावसायिक गोल्फपटूला या खेळाने कोणती अदब दाखवली होती? क्लबात शिकवणारा, दुकान सांभाळणारा, सभासदांच्या काठ्या दुरुस्त करून देणारा तो नोकर मानला जाई, आणि क्लबहाउसच्या दारातून आत जाण्याची त्याला मुभा नसे. १९२० मध्ये ओहायोतील टोलेडोच्या इन्व्हर्नेस क्लबने यू. एस. ओपनच्या वेळी व्यावसायिकांना आत घेतले, तेव्हा त्यांना इतके भरून आले की त्यांनी वर्गणी काढून क्लबला एक उंच लंबकाचे घड्याळ भेट दिले. केवळ दार उघडले म्हणून घड्याळ द्यावेसे वाटावे, यातच आधीची परिस्थिती आली. त्यांच्या पुढच्या पिढीतल्या खेळाडूंना एक माणूस २५,००० आणि ५०,००० डॉलर देऊ करत होता. तो ते स्वतःच्या व्यवस्थापन सल्लागार कंपनीचे नाव व्हावे म्हणून देत होता, हेही तितकेच खरे. ते खेळाडू या पैशांकडे अपमान म्हणून पाहत असतील, असे मला वाटत नाही.

मे यांच्या काही कल्पना मलाही आवडत नाहीत. खेळाडूंनी पाठीवर क्रमांक लावावेत, हा त्यांचा आग्रह खेळाडूंना जाचला आणि त्यावरून तंटे झाले. चेहऱ्यावर मुखवटा चढवलेला गोल्फपटू मैदानात उतरवण्यासारखे प्रकारही तिथे झाले. आपण 'जत्रा' म्हणता ती या गोष्टींवरून, आणि हा शब्द मी खोडून काढणार नाही. तरीही एक गोष्ट लक्षात घ्यावी. जत्रेला कोणी निमंत्रणपत्रिका घेऊन जात नाही. नाइल्सला थोडक्या पैशांच्या तिकिटावर कोणालाही येता येई, बसायला स्टँड असत आणि एकाच मैदानावर पुरुष व्यावसायिक, स्त्री व्यावसायिक आणि दोन्ही गटांतले हौशी खेळाडू अशा चार स्पर्धा एकाच वेळी चालत. बेब झाहारियस आणि पॅटी बर्ग या स्त्री व्यावसायिकांचा खेळ पाहायला लोकांना वेगळ्या गावी, वेगळ्या आठवड्यात जावे लागत नसे.

आणि मग येतो तो मुद्दा, ज्यासाठी मी मूळ लेख लिहिला. अमेरिकेच्या पीजीएने, म्हणजे व्यावसायिक गोल्फपटूंच्या संघटनेने, १९३४ मध्ये आपल्या घटनेत सभासदत्व केवळ गोऱ्या वंशाच्या लोकांपुरते ठेवणारे कलम घातले आणि ते १९६१ पर्यंत तसेच ठेवले. त्या काळात मोजक्याच मोठ्या स्पर्धा कृष्णवर्णीय खेळाडूंचे अर्ज स्वीकारत, आणि टॅम ओ'शँटरची ऑल अमेरिकन ओपन १९४२ पासून त्यांपैकी एक होती. याची किंमत कळण्यासाठी १९४८ ची एक घटना पुरेशी आहे. टेड ऱ्होड्स आणि बिल स्पिलर या कृष्णवर्णीय व्यावसायिकांनी लॉस एंजेलिस ओपनमध्ये चांगला खेळ करून कॅलिफोर्नियातीलच रिचमंड ओपनसाठी रीतसर पात्रता मिळवली. ते तिथे पोचले, त्यांनी सराव केला, आणि त्यानंतर त्यांना सांगण्यात आले की तुम्हाला खेळता येणार नाही. ते न्यायालयात गेले. भेदभाव करणार नाही, असे आश्वासन मिळाल्यावर दावा मागे घेतला गेला. पण पुढे अनेक स्पर्धांनी नावातला 'ओपन' (खुली) हा शब्द काढून स्वतःला 'निमंत्रितांची स्पर्धा' म्हणवून घेतले आणि ज्यांना निमंत्रण द्यायचे नव्हते त्यांना ते दिले नाही.

मे यांनी हे दार न्यायबुद्धीने उघडे ठेवले की गर्दी वाढावी म्हणून, हा आपला प्रश्न रास्त आहे. जगज्जेता मुष्टियोद्धा जो लुइस हौशी गटात उतरला की लोक त्याला पाहायला येणार, हे त्यांच्यासारख्या माणसाला कळत नसेल असे नाही. मी त्यांना समाजसुधारक म्हटलेले नाही आणि म्हणणारही नाही. परंतु ऱ्होड्सच्या जागी उभे राहून पाहिले, तर पहिल्या टीवर, म्हणजे खेळ जिथून सुरू होतो त्या जागी, आपले नाव पुकारले जाते की नाही, हा प्रश्न आयोजकाच्या मनात काय होते, या प्रश्नाच्या कितीतरी आधी येतो. ज्यांची अदब सर्वांना मान्य होती, अशा अनेक स्पर्धांत ते नाव पुकारले जात नव्हते.

अशा स्पर्धांना इतिहासात स्थान देऊ नये, असेही आपण सुचवले आहे. मग बायरन नेल्सनच्या विक्रमाचे काय करायचे? १९४५ मध्ये त्याने सलग ११ स्पर्धा जिंकल्या आणि तो विक्रम आजही कोणी मोडलेला नाही. त्यांतला दहावा विजय टॅम ओ'शँटरचा, तोही ११ फटक्यांच्या फरकाने, आणि मागे राहिलेल्यांत बेन होगन व जीन साराझेन. होगन स्वतः तिथली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा १९४७ आणि १९५१ मध्ये जिंकला. सर्वश्रेष्ठ खेळाडू ज्या मैदानावर जीव तोडून खेळले, ते मैदान जमाखर्चातून वगळता येत नाही.

स्पर्धा बंद पडली ती लोकांनी पाठ फिरवली म्हणून, हे आपले म्हणणे मात्र मला मान्य नाही. १९५७ मध्ये डिक मेयर जिंकला ती शेवटची. त्यानंतर पीजीएशी झालेल्या वादातून मे यांनी हात आखडता घेतला आणि १९६२ मध्ये ते वारले. १९६४ आणि १९६५ मध्ये वेस्टर्न ओपन त्याच मैदानावर झाली. पहिल्या वर्षी ची ची रॉड्रिगेझने अर्नोल्ड पामरला एका फटक्याने हरवले. पुढे जागेचा मोठा भाग उद्योगांकडे गेला. आज नाइल्सच्या सार्वजनिक उद्यान विभागाकडे नऊ होलांचे एक मैदान उरले आहे, टॅम ओ'शँटर याच नावाने.

मूळ लेखात 'पहिले प्रक्षेपण' याऐवजी 'देशभर झालेले पहिले प्रक्षेपण' असा बदल आज केला आहे, आणि दुरुस्ती आपल्या प्रतिक्रियेमुळे झाली, अशी नोंद त्याच परिच्छेदाखाली जोडली आहे.